सुट्टीतला मोठा पिक्चर कसा निवडायचा आणि कसा बघायचा, माझी पद्धत

मे महिना लागला की लातूरहून माझी भाचरं येतात पुण्याला, आणि बॅगा ठेवून पाणी प्यायच्या आत पहिला प्रश्न असतो, मावशी पिक्चरला कधी जायचं. दरवर्षीचं ठरलेलंय हे. गेली दहा-बारा वर्षं सुट्टीतला मोठा इंग्लिश पिक्चर दाखवणं हे माझ्याकडे आहे आणि मला ते मनापासून आवडतं. मी समीक्षक वगैरे नाही, वर्षाला थेटरात सात-आठ पिक्चर बघते आणि त्यातले तीन-चार एप्रिल ते जुलैमधले असतात. पण चार जण एकदा जाऊन आले की तिकीट पॉपकॉर्न रिक्षा धरून दोन हजार सहज जातात, आणि एवढं करून पोरं हिरमुसून बाहेर आली की फार जिवाला लागतं, म्हणून हळूहळू एक पद्धत बसत गेली, कुठला बघायचा, कधी, कुठल्या पडद्यावर, कुठल्या भाषेत. मैत्रिणी दरवर्षी फोन करून विचारतात त्यामुळे यंदा सगळं एकदाच लिहून काढतेय.

आधी कॅलेंडर

समर ब्लॉकबस्टर म्हणतात ना, त्यातला समर अमेरिकेचा असतो, हे डोक्यात ठेवलं की अर्धं काम सोपं होतं. तिकडे शाळांना सुट्टी जून ते ऑगस्ट. मेच्या शेवटच्या सोमवारी त्यांचा मेमोरियल डे आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डे, ह्या दोन सुट्ट्यांच्या मधला काळ हा त्यांचा पिक्चरचा हंगाम, आणि अलीकडे तो मागे ओढत ओढत मेच्या पहिल्या शुक्रवारपर्यंत आणलाय. शंभर वर्षांपूर्वी हाच काळ थेटरवाल्यांसाठी एकदम भाकड असायचा कारण उकाड्यात आत कोण बसणार. मग १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या रिव्होली थेटरात विलिस कॅरिअरने एसी बसवला आणि लोक गारव्यासाठी म्हणून पिक्चरला यायला लागले. हे वाचलं तेव्हा मला लगेच पटलं, मे महिन्यात लातूरला दुपारी तीन वाजता बाहेर उभं राहून बघा, तुम्हालाही पटेल.

पुढे २० जून १९७५ ला स्टीव्हन स्पीलबर्गचा 'जॉज' आला, तो शार्कचा. तोपर्यंत मोठे पिक्चर आधी दोन-चार शहरांत लागायचे आणि नंतर हळूहळू बाकीकडे पोचायचे, हा मात्र टीव्हीवर जाहिरातींचा धडाका लावून एकदम चारशेच्या वर थेटरांत लावला. दोन वर्षांनी २५ मे १९७७ ला 'स्टार वॉर्स' आला आणि मग उन्हाळा म्हणजे मोठा पिक्चर हे तिकडे कायमचं होऊन गेलं.

आता आपल्याकडचं बघा. आपली सुट्टी एप्रिलअखेर किंवा मेपासून जूनच्या मध्यापर्यंत, विदर्भात शाळा अजून थोड्या उशिरा उघडतात. म्हणजे त्यांचा हंगाम भरात येतो तेव्हा आपली पोरं नव्या वह्यांना कव्हरं घालत असतात आणि बाहेर धो धो पाऊस. म्हणून मी मार्चमध्येच रिलीजच्या तारखा बघून दोन ढीग करते. एप्रिल-मे आणि जूनचा पहिला पंधरवडा हा पोरांचा ढीग, त्यातला एकच निवडायचा, फार तर दोन. जूनअखेर आणि जुलै हा आम्हा मोठ्यांचा.

तारखा नीट बघा, कारण कधीकधी आपल्याकडे तिकडच्या आधी लागतो. 'द जंगल बुक' ८ एप्रिल २०१६ ला आपल्याकडे लागला, अमेरिकेत आठवड्याने, १५ ला. आणि ८ एप्रिल म्हणजे त्या वर्षीचा गुढीपाडवा! दुपारी पुरणपोळी आणि संध्याकाळी मोगली, ह्याहून चांगला पाडवा मला आठवत नाही. मागे २०२५ मध्ये 'मिशन इम्पॉसिबल'चा शेवटचा भागसुद्धा आपल्याकडे १७ मेला आला आणि तिकडे २३ ला. 'अ‍ॅव्हेंजर्स: एन्डगेम' हा सुपरहिरोंचा पिक्चर मात्र दोन्हीकडे एकाच दिवशी, २६ एप्रिल २०१९. परीक्षा संपलेल्या, सुट्टी नुकतीच लागलेली, आख्खं थेटर कॉलेजच्या पोरांनी भरलेलं, अशी तारीख मिळाली की सोडायची नाही.

पावसाळ्याच्या ढिगासाठी एकच सांगते. भिजलेल्या कपड्यांनी एसीत तीन तास बसू नका, एक कोरडी ओढणी किंवा टीशर्ट पिशवीत टाका, आणि जुलैत सगळ्यात भारी थेटरापेक्षा सगळ्यात जवळचं थेटर बघा. माझी बहीण डोंबिवलीला असते, ती जुलैत लोकल पकडून लांबच्या थेटरात जायचं नावच काढत नाही, स्टेशनपासून चालत जाता येईल तिथेच जाते.

ह्याला थेटर लागतं का?

हा माझा मुख्य प्रश्न, बाकी सगळं ह्यानंतर. पिक्चर चांगला आहे का वाईट हे नंतर बघू, आधी विचारायचं की हाच दोन महिन्यांनी घरी टीव्हीवर बघितला तर काय कमी होईल. खूप कमी होणार असेल तर थेटरात जायचं, फारसं काही होणार नसेल तर घरी. खर्च किती केलाय, हिरो कोण आहे, कितवा भाग आहे, ह्याच्यावरून हे कळत नाही, कसा बनवलाय ह्याच्यावरून कळतं.

उदाहरणार्थ २०२२ च्या मेमधला 'टॉप गन: मॅव्हरिक'. पहिला भाग १९८६ चा, म्हणजे मधे छत्तीस वर्षं, आणि मी तो पहिला बघितलेलाही नव्हता. पण त्यात नटांना खरोखरच्या लढाऊ विमानात मागच्या सीटवर बसवून, कॉकपिटमध्ये कॅमेरे लावून शूटिंग केलंय, त्यामुळे विमान वळतं तेव्हा चेहऱ्याची कातडी जी ओढली जाते ती खरी आहे आणि ते मोठ्या पडद्यावर आपल्या पोटात जाणवतं. तसाच २०१५ चा 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड'. नामिबियाच्या वाळवंटात खऱ्या गाड्या, खरी माणसं बांबूसारख्या लांब खांबांवर झुलतायत, बरोबर दोन तास आणि मधे श्वास घ्यायला जागा नाही. ह्याच्याही आधीचे भाग बघायची काही गरज पडत नाही. हा मी नंतर एकदा लॅपटॉपवर बघायला घेतला आणि वीस मिनिटांत बंद केला, तोच पिक्चर वाटेना.

उलट नुसतेच विनोद आणि गप्पा असलेला सुपरहिरोचा पिक्चर घरी चहा घेत बघायलाही छान वाटतो, त्याच्यासाठी चौघांनी तयार होऊन बाहेर पडायची गरज नसते. एक अपवाद आहे, माणसं. काही पिक्चर भरलेल्या थेटरामुळे मोठे होतात. 'एन्डगेम'च्या शेवटी एक एक करून सगळे सुपरहिरो परत येतात तेव्हा आमच्या थेटरात जो आवाज झाला तसा मी लहानपणी गावच्या थेटरात अमिताभच्या एन्ट्रीला ऐकला होता. ते घरी कधीच मिळणार नाही. असा पिक्चर असेल तर पहिल्या दोन दिवसांतच बघा, रिकाम्या थेटरात बघण्यात काही मजा नाही.

कोणाचं ऐकायचं

ट्रेलर एकच बघते मी, पहिला. शेवटी शेवटी येतो त्या ट्रेलरमध्ये सगळं सांगून टाकतात. १९९१ च्या 'टर्मिनेटर २' मध्ये पहिल्या भागात मारायला आलेला अरनॉल्ड ह्यावेळी वाचवायला आलाय हे पिक्चर बराच पुढे गेल्यावर कळावं अशी सगळी मांडणी आहे, पण जाहिरातींनीच ते आधी सांगून टाकलं होतं. २०१५ च्या 'टर्मिनेटर जेनिसिस'चं तर सगळ्यात मोठं रहस्य ट्रेलरमध्ये आणि पोस्टरवर होतं. पोरांनाही मी सांगते, एक ट्रेलर बघा आणि बास, बाकीचं थेटरात.

मग रॉटन टोमॅटोजचा टक्का, म्हणजे समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या त्या वेबसाइटचा. हा बहुतेकांना चुकीचा समजतो म्हणून सांगते. ९० टक्के लिहिलंय म्हणजे पिक्चरला शंभरात नव्वद मार्क पडले असं नसतं, शंभरातल्या नव्वद समीक्षकांना तो बरा किंवा त्याहून चांगला वाटला एवढंच. सगळ्यांनी 'ठीक आहे' म्हटलं तरी टक्का ९० च्या वर जातो, आणि निम्म्यांना प्रचंड आवडला निम्म्यांना अजिबात नाही तर ५० दिसतो. मला असले पन्नासवाले कितीतरी आवडलेत. अमेरिकेत सिनेमास्कोअर म्हणून दुसरी एक पद्धत आहे, पहिल्या रात्री थेटरातून बाहेर पडणाऱ्या साध्या प्रेक्षकांना विचारून ए प्लसपासून एफपर्यंत ग्रेड देतात. पैसे देऊन आलेल्या माणसाचं मत असतं ते, आपल्यासारख्याचं, म्हणून मला ते जास्त उपयोगी वाटतं. ए किंवा ए प्लस असेल तर पोरांना न्यायला मी घाबरत नाही.

आणि घाई नसेल तर दुसरा आठवडा बघा. मोठे पिक्चर तिकडे दुसऱ्या शनिवार-रविवारी कमाईत निम्म्यावर येतात, कधी त्याच्याही खाली, कारण बघायची घाई होती ते सगळे पहिल्या तीन दिवसांत बघून मोकळे झालेले असतात. 'टॉप गन: मॅव्हरिक' दुसऱ्या आठवड्यात जेमतेम २९ टक्के उतरला, म्हणजे बघून आलेल्यांनी घरी जाऊन दुसऱ्यांना पाठवलं. जाहिरातीने पहिला शुक्रवार भरतो पण दुसरा भरायचा तर पिक्चरमध्ये काहीतरी असावं लागतं. माझ्यासाठी ह्याहून खात्रीचं काही नाही, फक्त एकच, तुमच्या आवडीशी जुळणारी एक व्यक्ती शोधून ठेवा. माझी ऑफिसमधली एक मैत्रीण आहे, तिला रडू आलं की मलाही येतं, ती हो म्हणाली की मी तिकीट काढते.

भाषा

ह्यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण घरातल्या सगळ्यांना न्यायचं तर इथेच गाडी अडते.

१९९४ मध्ये 'जुरासिक पार्क' हिंदीत डब होऊन आला तेव्हा मी दहा वर्षांची होते. बाबांनी सायकलवर पुढे बसवून नेलं होतं. तोपर्यंत इंग्लिश पिक्चर म्हणजे शहरातल्या इंग्लिश शाळेतल्या लोकांचं काहीतरी असा समज होता आमचा, आणि त्या दिवशी बाजाराला आलेली माणसंसुद्धा टोपी मांडीवर ठेवून डायनासोर बघत होती. मला तो पिक्चर इंग्लिशमध्ये बघितला असता तर काय आठवलं असतं माहीत नाही, पण हिंदीतला आवाजासकट आठवतो. म्हणून डबिंगला नाक मुरडणाऱ्यांचं मला कधी पटलं नाही.

माझा साधा नियम आहे. प्राणी बोलतात, कार्टून आहे, मारामारीचा मोठा पिक्चर आहे आणि सोबत लहान मुलं किंवा आई आहे, तर बिनधास्त डब केलेला बघा, पण आवाज कोणाचा आहे ते आधी शोधा. 'जंगल बुक'च्या हिंदीत शेरखान म्हणजे नाना पाटेकर, आणि नव्वदच्या दशकात दूरदर्शनवरच्या मोगलीतही शेरखानचा आवाज त्यांचाच होता, त्यामुळे आम्ही तिशीतले लोक आणि आमच्या शेजारची सात वर्षांची पोरं एकाच वेळी खुर्चीत आक्रसलो होतो. २०१९ च्या 'लायन किंग'मध्ये टिमॉन ह्या छोट्या मीरकॅट प्राण्याला श्रेयस तळपदेंचा आवाज आहे, इतका गोड की भाचा आठवडाभर तसाच बोलत होता. माणसांचा, गप्पांचा, एखाद्या नटाच्या बोलण्यावरच उभा असलेला पिक्चर मात्र मूळ भाषेत बघा, 'ओपनहायमर' हिंदीत बघायची कल्पना मला करवत नाही. बऱ्याच शोला खाली इंग्लिश सबटायटल असतात, बुकिंग करताना लिहिलेलं असतं, ते बघून घ्या, अमेरिकन उच्चार पटकन कळत नसले तरी वाचून सगळं कळतं.

आणि मराठी! १ जून २०२३ ला 'स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' आपल्याकडे दहा भाषांत आला, त्यात मराठीही होती. त्यात मुंबई आणि मॅनहॅटन मिळून केलेलं एक शहर आहे आणि पवित्र प्रभाकर नावाचा आपला देशी स्पायडर-मॅन. आईला घेऊन गेले होते, मराठी शो शोधायला जरा धावपळ झाली पण आई पहिल्यांदा असल्या पिक्चरमध्ये मला काहीही न विचारता शेवटपर्यंत बसली. मराठी शो मिळत असेल तर पहिल्याच आठवड्यात जा, दुसऱ्या आठवड्यापर्यंत थांबायचं हा माझा वरचा नियम इथे मोडायचा, कारण असे शो मोजकेच असतात आणि रिकामे दिसले की लगेच काढून टाकतात. आपण गेलो नाही तर पुढच्या वेळी मराठी डबिंग कोण करेल?

कुठला पडदा, कुठली सीट

३डी मी शक्यतो टाळते. चष्म्यातून उजेड कमी होतो, चित्र काळपट दिसतं, आणि बरेच पिक्चर साध्या कॅमेऱ्याने काढून नंतर ३डी केलेले असतात, त्यात वेगळं काही मिळत नाही. लहान मुलांच्या नाकावर तो चष्मा टिकत नाही, दर पाच मिनिटांनी सावरत बसावं लागतं. कार्टूनला ठीक आहे, तिथे ३डी खरंच छान दिसतं.

आयमॅक्ससाठी, म्हणजे त्या खूप मोठ्या खास पडद्यासाठी, मी जादा पैसे देते पण आधी एक बघते, पिक्चर आयमॅक्सच्या कॅमेऱ्याने काढलाय की नुसता तिथे लावलाय. 'द डार्क नाइट'चे काही प्रसंग, 'ओपनहायमर'चा मोठा भाग, 'एन्डगेम' पूर्ण, हे त्या कॅमेऱ्यांवर आहेत, तिथे चित्र वर-खाली उघडतं आणि पडदा भरून जातो. तसं नसेल तर चांगल्या डॉल्बी अ‍ॅटमॉसच्या, म्हणजे चारी बाजूंनी आणि वरूनही आवाज येणाऱ्या, साध्या स्क्रीनवर बघा, पैसे वाचतात. पुणेकरांसाठी अजून एक, २०२५ मध्ये देशातलं पहिलं डॉल्बी सिनेमा, म्हणजे डॉल्बीचाच खास पडदा आणि आवाज असलेलं थेटर, खराडीला सुरू झालं, काळा रंग खरोखर काळा दिसतो म्हणजे काय ते तिथे कळतं. हलणाऱ्या खुर्च्या आणि तोंडावर पाणी उडवणारं ४डीएक्स गाड्यांच्या शर्यतीला मजा आणतं, पण पाठदुखीवाल्यांना आणि आजी-आजोबांना तिकडे नेऊ नका.

सीट मधोमध, पडद्यापासून दोन-तृतीयांश मागे. आवाजही तिथेच सगळ्यात नीट येतो. स्वस्त म्हणून पुढची रांग घेतली होती मी एकदा, चौघांच्याही माना आखडल्या, त्यापेक्षा सकाळचा शो बघा, तिकीट कमी असतं आणि पोरं ताजी असतात. अडीच तासांच्या वरचा पिक्चर मुलांसोबत रात्री नकोच. 'एन्डगेम' १८१ मिनिटांचा होता, त्यात जाहिराती आणि इंटरव्हल धरा म्हणजे पावणेचार तास झाले.

इंटरव्हलचं पण सांगायला हवं. हे पिक्चर इंटरव्हल धरून बनवलेलेच नसतात, आपल्याकडे थेटरवाले कुठेतरी मध्यावर तोडतात. एका थेटरात तर हिरॉइन वाक्य बोलत असताना मधेच दिवे लागले होते, वाक्याचा उरलेला भाग पंधरा मिनिटांनी ऐकला, इतका राग आला होता मला. त्यावर उपाय नाही पण एक करता येतं. खायचं आधीच मोबाईलवरून सांगून ठेवा आणि दिवे लागल्या लागल्या उठा, म्हणजे परत सुरू होताना तुम्ही जागेवर असाल, कारण पुन्हा सुरू होतो तो सरळ प्रसंगाच्या मधूनच, आपल्या पिक्चरसारखं गाण्याने वगैरे नाही.

लहान मुलं असतील तर

२०१५ च्या जूनमध्ये भाच्याला 'जुरासिक वर्ल्ड'ला नेलं, तो सहा वर्षांचा. डायनासोरची चित्रं काढायचा म्हणून नेलं आणि तो निम्मा पिक्चर माझ्या मांडीत तोंड खुपसून बसला, रात्री दिवा चालू ठेवून झोपला. चूक माझीच होती, मी सर्टिफिकेट बघितलंच नव्हतं. आता ते सोपं झालंय, २०२४ च्या शेवटापासून सेन्सॉर बोर्डाने यूएचे तीन भाग केलेत, ७+, १३+ आणि १६+. बुकिंगच्या पानावरच लिहिलेलं असतं. ७+ ला माझी हरकत नसते, १३+ असेल तर लहान मुलांना न्यायच्या आधी मी तो एकदा स्वतः बघते किंवा बघितलेल्या कोणाला तरी विचारते.

तिकडे बहुतेक मोठ्या पिक्चरवर पीजी-१३ लिहिलेलं असतं, म्हणजे तेराच्या खालच्या मुलांना न्यायचं तर आईबापांनी जपून, त्याच्या जन्मात आपले अमरीश पुरी आहेत हे मला खूप उशिरा कळलं. १९८४ च्या मेमध्ये 'इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम' आला, त्यात पुरींचा मोला राम माणसाच्या छातीतून हृदय काढतो, आणि मुलांना घेऊन आलेले आईबाप हादरले. त्याच उन्हाळ्यातल्या आणखी एका पिक्चरवरून ओरड झाली आणि स्पीलबर्गनेच सुचवलं की मधली एक पायरी हवी, जुलैमध्ये ती आलीसुद्धा. त्या पिक्चरमध्ये भारताचं जे चित्र रंगवलंय, जेवणाच्या ताटातली माकडं वगैरे, ते मला अजिबात आवडत नाही आणि मी तो पोरांना दाखवलेला नाही. अमरीश पुरींची भीती मात्र शंभर टक्के खरी वाटते.

लांबी आणि गर्दी ह्याबद्दल माझं मत

'जॉज'चा यांत्रिक शार्क समुद्राच्या खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा, म्हणून स्पीलबर्गला तो दाखवताच येईना, आणि शार्क नीट दिसतो तो तास उलटून गेल्यावर. तोवर नुसतं पाणी आणि संगीत, आणि तेवढ्यानेच आपण पाय वर घेतो. 'जुरासिक पार्क'मध्ये दोन तासांत सगळे डायनासोर मिळून पाव तासच आहेत. मला वाटतं आताच्या बऱ्याच पिक्चरना हे जमेनासं झालंय, शेवटची चाळीस मिनिटं एक शहर पडत राहतं, इमारतींवर इमारती, आणि आपल्याला कोणाचीच काळजी वाटत नाही. म्हणून निवडताना मी अजून एक बघते. गोष्ट एका वाक्यात सांगता येते का, कोणाला काय हवंय आणि त्याच्या आड काय येतंय. शार्क आहे आणि किनाऱ्यावर माणसं पोहतायत. सांगता आली की जायचं. ती सांगायला आधीचे सहा पिक्चर समजावून द्यावे लागत असतील तर ज्यांनी ते बघितलेत त्यांनी जावं. 'एन्डगेम' मार्व्हलच्या सुपरहिरोंच्या मालिकेतला २२ वा होता, मी सगळे बघितले नव्हते, भाचीने मला आदल्या रात्री गच्चीवर बसून दोन तास गोष्ट सांगितली आणि तेवढ्यावर मला पुरेसं समजलं. तुमच्याही घरात असं कोणीतरी असेल, त्यांना सांगायला बसवा, त्यांनाही फार आवडतं.

आणि सुट्टीचा पिक्चर म्हणून फक्त इंग्लिशच धरू नका. 'जंगल बुक'नंतर तीनच आठवड्यांनी, २९ एप्रिल २०१६ ला 'सैराट' आला. त्याचं संगीत अजय-अतुलने लॉस एंजेलिसला सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर, म्हणजे पिक्चरचं संगीत रेकॉर्ड करायच्या मोठ्या स्टुडिओत, सिम्फनी ऑर्केस्ट्रासोबत रेकॉर्ड केलं, जिथे हॉलिवूडच्या मोठमोठ्या पिक्चरचं होतं तिथेच. थेटरात ते सुरू झालं तेव्हा छातीत जे भरून आलं ते त्या वर्षीच्या कुठल्याच परदेशी पिक्चरने दिलं नाही. थेटर लागतं का ह्या प्रश्नाला 'सैराट'सारखं स्पष्ट उत्तर मला क्वचितच मिळालंय. २०२३ च्या जुलैतही सगळीकडे 'बार्बी' की 'ओपनहायमर' चाललं होतं, दोन्ही २१ जुलैला लागले, आणि त्याच पावसात ३० जूनला आलेल्या 'बाईपण भारी देवा'ला बायका घोळक्याने जात होत्या. आम्ही अकरा जणी होतो, दोन रांगा. असे दोन मोठे पिक्चर एकाच दिवशी आले तर दोन्ही एका दिवसात बघायचा हट्ट करू नका, मी 'ओपनहायमर' शनिवारी आणि 'बार्बी' पुढच्या बुधवारी बघितला आणि दोन्ही मनात वेगळे राहिले.

शेवटचं म्हणजे पिक्चर संपल्यावर येणाऱ्या नावांच्या पाट्या संपेपर्यंत उठू नका. २००८ च्या 'आयर्न मॅन'पासून शेवटी एक छोटा तुकडा ठेवायची सवय लागलीय, त्यासाठी बरेच जण थांबतात, 'एन्डगेम'ला तो नव्हता, फक्त हातोड्याचा आवाज. आम्ही मात्र दुसऱ्याच कारणासाठी बसतो. ह्या पिक्चरमधलं व्हीएफएक्सचं, म्हणजे कॉम्प्युटरवर दृश्यं बनवायचं, पुष्कळ काम मुंबईत आणि भारतात इतर ठिकाणी होतं, आणि पाट्यांत आपली आडनावं भराभर वर सरकत असतात. भाची ती शोधते, डोळे बारीक करून, सापडलं की माझा दंड दाबते. गेल्या मेमध्ये तिला दोन जाधव, एक कुलकर्णी आणि एक शिंदे सापडले, तोवर सफाईवाल्या ताई झाडू घेऊन दाराशी उभ्या होत्या, त्यांनीही थांबून विचारलं काय शोधताय, आणि मग त्याही बघायला लागल्या.